जेसीबी परत का जातो? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात पालिकेचे वकील नेमकं काय करतात

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कुठल्याही फेसबुक ग्रुपवर थोडा वेळ स्क्रोल केलं की एक व्हिडिओ हमखास सापडतो. बेकायदा बांधकामासमोर जेसीबी उभा असतो. पोलीस असतात, पालिकेचं पथक असतं. तेवढ्यात कुणीतरी एक कागद पुढे करतं. साहेब तो वाचतात, बाजूला जाऊन फोन लावतात आणि जेसीबी मागे वळतो. खाली पहिली कमेंट ठरलेली, "सेटिंग झालं."

सेटिंग कधी होतही असेल. पण तो कागद बऱ्याचदा कोर्टाचा मनाई हुकूम किंवा 'जैसे थे' आदेश असतो आणि साहेबांनी लावलेला फोन पालिकेच्या वकिलाला असतो. तो आदेश का मिळाला, तो कधी उठणार आणि तोवर त्या इमारतीत राहणाऱ्यांचं काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायची तर या वकिलाचं काम समजून घ्यावं लागतं.

पालिकेचा वकील म्हणजे कोण?

इथे दोन वेगळी माणसं असतात. पहिला विधी अधिकारी. तो पालिकेच्या विधी विभागात बसतो, पगार घेतो, फाइली सांभाळतो, कुठलं प्रकरण कोणत्या वकिलाकडे द्यायचं ते बघतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला सहसा वकिली करता येत नाही. त्यामुळे कोर्टात उभा राहतो तो दुसरा, म्हणजे पॅनेलवरचा वकील. त्याची स्वतःची प्रॅक्टिस असते आणि पालिका त्याला प्रकरणानुसार ठरलेली फी देते.

पण या वकिलाचा अशील कोण? कागदावर उत्तर सोपं आहे. महापालिका ही कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे आणि तिच्या वतीने दावे लढवायचे अधिकार आयुक्तांकडे असतात. प्रत्यक्षात वकिलाला सूचना देणारे अनेक असतात. अतिक्रमण विभागाला बांधकाम उद्याच पाडायचं असतं, नगररचना विभागाला आधी नकाशा तपासायचा असतो, नगरसेवकांना आपल्या प्रभागात गडबड नको असते. आयुक्त दोन-तीन वर्षांत बदलून जातात आणि नवे आयुक्त जुन्या आयुक्तांनी घेतलेली भूमिका बदलू शकतात. वकीलपत्र मात्र तेच राहतं.

तिन्ही शहरं लोकलच्या एकाच मार्गावर लागोपाठ येतात, पण कायद्याच्या दृष्टीने ती सारखी नाहीत. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती आणि तीही जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये. इथे १९९६पासून महापालिका आहे, त्यामुळे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर एकेकाळी कल्याण महापालिकेत होती. १९९२ मध्ये ती बाहेर पडली आणि तिथे नगरपरिषदा आल्या. त्यांना १९६५चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो, आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात आणि विधी विभागाचा पसाराही महापालिकेच्या मानाने बराच लहान असतो.

पहिला प्रश्न हद्दीचा

दावा आला की वकील सर्वात आधी गुन्हा, नियम, नकाशा यांपैकी काही बघत नाही. तो विचारतो, जागा कोणाच्या हद्दीत आहे? अंबरनाथमध्ये एमआयडीसीचं क्षेत्र आहे, तिथे बांधकाम परवानगी देणारं प्राधिकरण एमआयडीसी आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीची जमीन केंद्राची आहे. रेल्वेची जमीन रेल्वेची आहे. अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेलं आहे. त्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. चुकीच्या प्राधिकरणाने नोटीस काढली तर समोरच्या वकिलाला फार काही बोलावंच लागत नाही.

उल्हासनगरचा गुंता आणखी जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर जवळपास १ लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ५' असंच म्हणतात. विस्थापितांसाठीच्या १९५४च्या कायद्याखाली खोल्या आणि भूखंड त्यांच्या नावावर केले गेले, सनदा मिळाल्या. पुढे बराकींवर मजले चढले, शेजारची मोकळी जागा आत घेतली गेली, खोल्यांचे व्यवहार झाले. त्यामुळे इथे पालिकेच्या वकिलाला बांधकाम नकाशाइतकीच सनद वाचता यावी लागते. सनदेत लिहिलेलं क्षेत्र आणि जागेवर मोजलेलं क्षेत्र यांतला फरक हाच अनेकदा सगळा खटला असतो.

'निशाणी ५' आणि एका नोटिशीची गोष्ट

महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्यासोबत येतो आणि त्यावर साधारणपणे ५ नंबरचा शिक्का बसतो. म्हणून वकील त्याला 'निशाणी ५' म्हणतात. पालिकेने बांधकाम पाडण्याची नोटीस दिली की मालक कोर्टात जातो, निशाणी ५ दाखल करतो आणि अंतिम निकाल लागेपर्यंत पाडकाम थांबवा अशी मागणी करतो.

पालिकेचा वकील हे आधीच ओळखून कॅव्हेट दाखल करू शकतो. कॅव्हेट म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' अशी कोर्टाला आगाऊ विनंती. ती ९० दिवस चालते. मुदत संपली आणि नवं कॅव्हेट टाकायचं राहिलं, की ९१व्या दिवशी एकतर्फी आदेश येऊ शकतो. वाचायला हे किरकोळ वाटतं, पण जेसीबी परत जाण्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

सुनावणीत मूळ प्रश्न बांधकाम कायदेशीर आहे की नाही हा असतो. मालकाकडे परवानगी नसेल तर त्याची बाजू लंगडी असते. म्हणून त्याचा वकील नोटिशीवर हल्ला करतो. नोटीस कोणाच्या नावाने काढली? ते नाव मृत व्यक्तीचं तर नाही? नेमका कोणता भाग बेकायदा, त्याची लांबी-रुंदी किती, हे लिहिलं आहे का? पंचनामा कधी केला, त्यावर पंचांच्या सह्या आहेत का? नोटीस हातात दिली की दारावर चिकटवली, आणि चिकटवली तर त्याचा पुरावा काय? सही करणाऱ्याला तो अधिकार होता का? यांतलं एक उत्तर डळमळलं की न्यायाधीश 'जैसे थे' म्हणतात, आणि ते चूक असतं असंही नाही. कोर्टासमोर एक कुटुंबाचं घर असतं. ते एकदा पाडलं की परत उभं करून देता येत नाही.

म्हणजे खटल्याचा निकाल बराचसा प्रभाग कार्यालयात, नोटीस लिहिणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर ठरलेला असतो. वकिलाकडे फाइल येते तेव्हा त्याच्या हातात दुरुस्तीला फार वाव नसतो. दाव्याची प्रत आली की तो संबंधित विभागाकडून 'परिच्छेदनिहाय अभिप्राय' मागवतो, म्हणजे दाव्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर विभागाचं म्हणणं. ते वेळेत आलं तर कैफियत वेळेत दाखल होते. नाही आलं तर पुढची तारीख, आणि तोवर 'जैसे थे' कायम.

राज्य सरकारने या चक्रावर इलाज काढला होता. महापालिका अधिनियमात कलम ४३३अ आणलं गेलं. पदनिर्देशित अधिकाऱ्याने बेकायदा बांधकामाबाबत काढलेल्या नोटिशीला दाव्यातून आव्हान देता येणार नाही, असं ते सांगतं. तरी दावे थांबले नाहीत. नोटीस मुळातच अधिकाराबाहेरची असेल तर दिवाणी कोर्ट ती तपासू शकतं, एवढी फट उरलीच. मग दाव्यात तीच नोटीस 'मुळातच अवैध' ठरवण्यासाठी शब्द जुळवले जातात आणि पालिकेच्या वकिलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या बाजूने पालिकांनाही लगाम लागला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने 'बुलडोझर' कारवायांवर निकाल दिला. पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचं चित्रीकरण सक्तीचं झालं. नोटीस दिल्याची माहिती लगेच जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायची, म्हणजे मागची तारीख टाकल्याचा आरोप होणार नाही, अशीही तरतूद त्यात आहे. नियम मोडले तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-नाल्यावरची अतिक्रमणं आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेली बांधकामं यांना ही सवलत नाही. या निकालाने पालिकेच्या वकिलाचं काम वाढलं, पण त्याचा हातही बळकट झाला. 'घाई करू नका, आधी नोटीस नीट काढा' हे तो वर्षानुवर्षं सांगत असेल, तर आता त्याच्यामागे सुप्रीम कोर्ट आहे.

आणखी एक बदल कमी लोकांना माहीत आहे. २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानुसार दिवाणी आणि फौजदारी खटल्यांतली स्थगिती, मुदत वाढवून न घेतल्यास, ६ महिन्यांनी आपोआप संपत असे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने तो नियम रद्द केला. आता स्थगिती उठवायची तर पालिकेलाच अर्ज करून ती उठवून घ्यावी लागते. कुणी अर्ज केला नाही तर ती वर्षानुवर्षं राहू शकते.

८५५ इमारती

हे सगळं उल्हासनगरमध्ये किती मोठ्या प्रमाणावर घडू शकतं, याचा अनुभव शहराने घेतला आहे. बेकायदा बांधकामांविरोधात मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली आणि २००५ मध्ये कोर्टाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश दिले. हातोडा पडायला सुरुवात झाली तेव्हा रस्त्यावर आले ते बिल्डर नव्हते, घरं विकत घेतलेली कुटुंबं होती. हजारो लोक एका फटक्यात बेघर होण्याची वेळ आली. शेवटी विधिमंडळाने २००६ मध्ये फक्त उल्हासनगरसाठी खास कायदा केला. दंड भरून, अटी पूर्ण करून बांधकामं नियमित करायची अशी त्याची कल्पना होती. कालपर्यंत पाडकामाचा कार्यक्रम कोर्टाला सांगणाऱ्या महापालिकेवर आता तीच बांधकामं नियमित करायची जबाबदारी आली.

प्रत्यक्षात त्यानंतर फार थोड्या इमारती नियमित झाल्या. दंडाची रक्कम, जमिनीची कागदपत्रं, रहिवाशांमधले वाद अशा अनेक ठिकाणी प्रस्ताव अडले. इमारती ना कायदेशीर झाल्या, ना पाडल्या गेल्या. त्या फक्त जुन्या होत गेल्या.

मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने उल्हासनगरमध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी मोहिनी पॅलेस आणि २८ मे रोजी साईसिद्धी. साईसिद्धीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट खाली आला आणि ७ जणांचा जीव गेला. दोन्ही इमारती १९९०च्या दशकातल्या होत्या.

त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीची जिलानी इमारत पडली होती आणि हायकोर्टाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. तिच्यात मुंबई महानगरातल्या महापालिकांना उत्तरं द्यावी लागली. तुमच्या हद्दीत धोकादायक इमारती किती, बेकायदा किती, कारवाई किती, कोर्टाच्या स्थगितीत किती? अशा सुनावणीत पालिकेच्या वकिलाची खरी परीक्षा होते. त्याच्या हातात विभागाने दिलेली यादी असते. ती अपुरी आहे हे त्याला दिसत असतं आणि समोर मुख्य न्यायमूर्ती विचारत असतात. तो अशिलाचा वकील आहे, पण कोर्टाचाही अधिकारी आहे. चुकीचा आकडा सांगून वेळ मारून नेणं त्याला परवडत नाही.

इथे एक तांत्रिक, पण जीवनमरणाचा फरक आहे. इमारत बेकायदा असणं आणि धोकादायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेकायदेशीरपणाच्या नोटिशीला मिळालेली स्थगिती म्हणजे धोकादायक इमारतीत राहायचा परवाना नव्हे. महापालिका अधिनियमात धोकादायक बांधकामांसाठी कलम २६४ आणि ३० वर्षांवरच्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीसाठी कलम २६५अ आहे. तपासणीत इमारत अतिधोकादायक, म्हणजे 'सी-१' ठरली, तर ती रिकामी करायची कारवाई वेगळ्या रस्त्याने करता येते. जुना 'जैसे थे' आदेश दाखवून एखादी पालिका हात वर करत असेल, तर तिच्या वकिलाने तोच आदेश कोर्टापुढे नेऊन, अभियंत्याचा अहवाल जोडून, त्यात बदल मागणं अपेक्षित असतं. फाइल कपाटात राहिली, तर स्लॅब मात्र तारखेची वाट बघत नाही.

नदीचा खटला

वालधुनी नदी अंबरनाथजवळ उगम पावते, शिवमंदिराच्या बाजूने वाहते, उल्हासनगर पार करते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरमध्ये या पात्रात रसायन ओतलं गेलं आणि वायूमुळे शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. उल्हास नदीचं पाणी तर बदलापूर बॅरेजवरून उचलून लोकांना पिण्यासाठी दिलं जातं.

'वनशक्ती' ही संस्था २०१३ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. जुलै २०१५ मध्ये पुण्याच्या पीठाने कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या चार नागरी संस्थांसह औद्योगिक सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड लावला. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

अशा खटल्यात पालिकेच्या वकिलाकडे फार बचाव नसतो. सांडपाण्यावर प्रक्रिया करणं हे तिचं कायद्याने ठरलेलं काम आहे. 'निधी नाही' हे उत्तर द्यावंसं वाटतं, पण ते १९८० मध्येच बाद झालं आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने गटारांसाठी पैसे नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा न्या. कृष्णा अय्यर यांच्या पीठाने पैशांची सबब चालणार नाही असं स्पष्ट केलं होतं. मग वकील काय करतो? मुदत मागतो, पण मोकळ्या हाताने नाही. किती किलोमीटर वाहिन्या टाकल्या, प्रक्रिया केंद्राची निविदा कुठे आहे, कारखान्यांचं पाणी कोणाच्या अखत्यारीत येतं, याचं प्रतिज्ञापत्र तो तयार करून घेतो. कारखान्यांवर देखरेख प्रदूषण नियंत्रण मंडळाची, औद्योगिक वसाहत एमआयडीसीची, घरगुती सांडपाणी पालिकेचं. प्रत्येकाचा वकील शेजारच्याकडे बोट दाखवतो. लवादात हे चालून गेलं नाही. चारही नागरी संस्था दंडाच्या यादीत आल्याच.

मैदान वाचवणारी तारीख

व्हायरल न होणाऱ्या, पण शहराचं कायमचं नुकसान करणाऱ्या खटल्यांत पहिला नंबर आरक्षणांचा लागतो. विकास आराखड्यात बाग, शाळा, मैदान यांसाठी खासगी जमिनी आरक्षित केल्या जातात. १० वर्षांत ती जमीन ताब्यात आली नाही, तर मालक एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं आणि तिथे टॉवर उभा राहू शकतो. नुसता ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं तर ते 'पाऊल' धरलं जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००७च्या गिरनार ट्रेडर्स निकालात सांगितलं आहे.

म्हणून चांगला विधी अधिकारी खरेदी सूचना आवकमध्ये पडली की त्याच दिवशी फाइलवर शेवटची तारीख लाल शाईने लिहून ठेवतो. पैसे उभे करणं त्याच्या हातात नसतं. पण २३व्या महिन्यात खडबडून जागं होण्यापेक्षा पहिल्या महिन्यात आयुक्तांच्या टेबलावर टिपणी ठेवणं नक्कीच असतं.

खड्डा, भरपाई आणि तुमचा दावा

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचे आदेश दिले. ही याचिका २०१३ मध्ये एका न्यायमूर्तींच्याच पत्रावरून सुरू झाली होती. आता अशा अर्जांत पालिकेचा वकील पुन्हा हद्दीच्याच प्रश्नावर येणार. उदाहरणार्थ, कल्याण-बदलापूर रस्त्यावर एमएमआरडीएचीही कामं झाली आहेत. त्यामुळे अपघात झाला तर ठिकाणाचा फोटो, रस्त्याचं नाव, जवळची खूण आणि वेळ नोंदवून ठेवली की 'हा रस्ता आमचा नाही' या उत्तराला तोंड देणं सोपं जातं.

पालिकेविरुद्ध दिवाणी दावा करायचा असेल तर, काही अपवाद सोडले, आधी १ महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. महापालिकेसाठी हे कलम ४८७ मध्ये आहे, नगरपरिषदांच्या कायद्यातही अशी तरतूद आहे. ही नोटीस दिली नाही, तर पालिकेचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढतो. मालमत्ता कराच्या बिलाविरुद्ध अपील करायचं असेल तर आधी वादातली रक्कम भरावी लागते, तेव्हा कुठे अपील ऐकलं जातं.

आणि तो जेसीबीचा व्हिडिओ. शेअर करण्याआधी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावात पालिकेचं नाव टाकलं की दावे दिसतात. पुढची तारीख कधी आहे आणि मागच्या तारखेला काय झालं, तेही तिथेच दिसतं. कैफियत दाखल झाली का, पालिकेने स्थगिती उठवण्याचा अर्ज केला का, पॅनेलवरच्या वकिलाला किती फी दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.